घरातल्या जुन्या तुर्की गालिच्याचं वय कसं काढायचं

गालिचा समोर आला की आधी तो पालथा घाला. नक्षी सगळ्यांनाच दिसते, पण विणणाऱ्याचा हात दिसतो तो पाठीवर. ताणा कशाचा आहे, गाठींच्या एका ओळीनंतर बाणा किती वेळा फिरवलाय, गाठ कशी मारलीय, फणीनं किती ठासून बसवलीय, हे सगळं तिथं उघडं असतं. चित्र समोर ठेवून नक्षी उतरवता येते, पण जुनी लोकर, तिचा पीळ आणि मागावरचा ठोक तितक्या सहज उतरवता येत नाही. म्हणून पाठ पाहिल्याशिवाय मी कुठल्याही गालिच्याबद्दल मत देत नाही.

मी बेळगावच्या शहापूरमधल्या विणकर घरातली. वडिलांच्या मागाचा आवाज ऐकत वाढले आणि पुढं जुन्या लोकरी वस्तूंचं रफू हाती घेतलं. शाली येतात, आजोबांच्या घोंगड्या येतात. कॅम्पातले जुने बंगले, टिळकवाडीतली घरं, निपाणी-संकेश्वरकडचे वाडे रिकामे व्हायला लागले तसे गालिचेही यायला लागले. आणणारा बहुतेक जण "तुर्की आहे हा" असंच सांगतो, आणि उलटून बघावं तर तो येरवड्याच्या तुरुंगातला, आग्र्याचा नाहीतर मिर्झापूरचा निघतो. यात खट्टू होण्यासारखं काही नाही. येरवड्याच्या कैद्यांनी विणलेला जुना गालिचाही जपण्यासारखाच असतो. पण नाव खरं लागलं पाहिजे. नाव चुकलं की काळजीही चुकीची घेतली जाते आणि विकायची वेळ आली की भावही चुकतो.

गाठ, ताणा आणि हात

सकाळच्या उजेडात, पडवीत किंवा खिडकीशी बसा. ट्यूबलाइटखाली रंग खोटे दिसतात. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. बाण्याच्या रेषेवर गालिचा अलगद दुमडा, म्हणजे लव फाकते आणि गाठीचं मूळ दिसतं. गालिचा ताठ झाला असेल, दुमडताना करकर आवाज आला, तर तिथंच थांबा. आतले धागे कुजलेत, जोर केला तर तुटतील.

तुर्की गाठीत लोकरीचा तुकडा शेजारशेजारच्या दोन ताण्यांवर आडवा बसतो, आणि त्याची दोन्ही टोकं त्या दोन ताण्यांच्या मधल्या फटीतून एकत्र वर येतात. त्यामुळं प्रत्येक जोडीच्या बुडाशी एक आडवी पट्टी दिसते. फारसी गाठीत लोकर एकाच ताण्याला पूर्ण वेढा घालते, दुसऱ्याच्या फक्त खालून जाते, आणि टोकं वेगवेगळ्या फटींतून निघतात. आडवी पट्टी तिथं दिसत नाही. तुर्की गाठीला गोर्देस गाठ असंही म्हणतात. गोर्देस हे पश्चिम तुर्कस्तानात मनिसा प्रांतातलं गाव आहे. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत आणि तुरुंगांत बहुतेक फारसी गाठच चालायची, म्हणून बेळगावातल्या घरांपुरती ही पहिली चाळणी चांगली लागू पडते. फक्त गाठ तुर्की म्हणजे गालिचा तुर्कस्तानचा, असं धरून चालू नका. कॉकेशसमध्ये, कुर्दांकडं आणि इराणच्या वायव्य भागातही हीच गाठ मारतात.

मग ताणा बघा. तो दशांमध्ये आयताच बाहेर आलेला असतो. सुटलेल्या दशेतला बोटभर धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि काळी गाठोळी राहते, ती बोटात चुरगळते. सूत कागदासारखं जळतं आणि राखाडी राख होते. तुर्की खेड्यांतल्या जुन्या गालिच्यांत ताणा लोकरीचा, बाणाही लोकरीचा, आणि बाणा बऱ्याचदा तांबडा रंगवलेला असतो. पाठीवरून दोन गाठींच्या ओळींमध्ये तांबडी रेघ डोकावली की माझे कान टवकारतात. भारतीय गालिच्यांत ताणा-बाणा बहुतेक सुती असतो. अपवाद आहेत: एकोणिसाव्या शतकातल्या गोर्देसच्या मालात पांढऱ्या रंगासाठी सूत वापरलेलं सापडतं, इस्तंबूलजवळच्या हेरेकेच्या शाही कारखान्याचे बरेच गालिचे रेशमी असतात, आणि मध्य तुर्कस्तानातल्या कायसेरीच्या काही गालिच्यांत रेशमाच्या नावाखाली चकाकी आणलेलं सूत असतं. तेही पेटवून बघितलं की कळतं.

आता डोळे मिटून लवेवरून हात फिरवा. एका दिशेला हात सरकतो, उलट दिशेला अडतो. जिकडं सरकतो त्या बाजूनं विणायला सुरुवात झालेली असते. तुर्की गाठीत लव सरळ खाली झुकते, फारसीत जराशी डावी-उजवीकडं कलते. मी हे आधी हातानं बघते, मग भिंगानं.

एका इंचात आडव्या किती गाठी, उभ्या किती, ते मोजून गुणाकार करा आणि वहीत लिहा. हा आकडा ओळखीसाठी आहे, मोल ठरवायला नाही. पश्चिम तुर्कस्तानातल्या उशाकचे जुने गालिचे जाडसर गाठींचे आहेत आणि तरी जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत.

रंग: तळाशी एक, टोकाला एक

वय काढायला रंग फार मदत करतो. टिळकवाडीतल्या एका काकूंकडून माझ्याकडं एक छोटा नमाजाचा गालिचा आला, साधारण चार फूट बाय सहा. तांबडं मैदान, तीन पायऱ्यापायऱ्यांच्या कमानी, एका बाजूला आडव्या पट्ट्यात लांब देठांची ट्यूलिपची रांग. कोन्याजवळच्या लादिक गावाच्या परंपरेतली ही मांडणी, आणि ती उलटी आहे: लव कमानीच्या शेंड्याकडं झुकते, म्हणजे विणणारीनं शेंड्याकडून सुरुवात केली. लादिकच्या बऱ्याच गालिच्यांत असंच असतं.

ट्यूलिपच्या एका पाकळीत मी सुईनं लव फाकवली. टोकाला रंग वाळल्या गवताचा, आणि मुळाशी, जिथं शंभर वर्षं ऊन पोचलेलं नाही, तिथं भडक नारिंगी. मंजिष्ठेच्या मुळांपासून काढलेला तांबडा इतका उतरत नाही. नीळ आणि मंजिष्ठ म्हाताऱ्या होतात तेव्हा मऊ होतात, पण टोकापासून मुळापर्यंत त्यांचं नातं राहतं. ही नारिंगी कारखान्यातली होती. मग पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा ओला करून वेगवेगळ्या रंगांवर मिनिटभर दाबून धरला. मैदानाच्या तांबड्यावरचं फडकं कोरं निघालं. काठातल्या छोट्या फुलांच्या लालवरचं गुलाबी झालं.

आता या खुणांना सालं जोडा. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ मध्ये विल्यम पर्किनच्या जांभळ्यापासून झाली. फुक्सिन हा किरमिजी रंग १८५८-५९ मध्ये आला. तो उन्हानं विटून करडा-तपकिरी पडतो. मंजिष्ठेतलं मुख्य रंगद्रव्य, अलिझरिन, १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं, आणि त्याचा तांबडा नुसत्या डोळ्यांनी खऱ्या मंजिष्ठेपासून वेगळा काढता येत नाही. पाण्यात सुटणारे, अ‍ॅझो नावाच्या कृत्रिम प्रकारातले लाल रंग १८७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. कारखान्यातली नीळ १८९७ पासून विकायला आली. म्हणजे काकूंच्या गालिच्यातला तो गुलाबी सुटणारा लाल मूळ विणीतला असेल, तर गालिचा १८८० च्या आधीचा नाही. मूळ विणीतला आहे का, हे पाठीवरून तपासायचं: त्या गाठी शेजारच्या गाठींइतक्याच घासलेल्या आणि तितक्याच ठासलेल्या आहेत का, की तेवढ्याच उठून दिसतात? इथं सगळ्या सारख्या होत्या.

काळ्या-तपकिरी रेघांवरूनही बोट फिरवा. लोखंडाच्या क्षारानं, म्हणजे हिराकशीसारख्या पदार्थानं, काळी केलेली लोकर हळूहळू खाल्ली जाते. त्यामुळं जुन्या गालिच्यात काळ्या बाह्यरेषा खोल गेलेल्या असतात आणि बाकीची नक्षी उठावदार वाटते. ही झीज ठरावीक रंगातच असते. सगळीकडं एकसारखी झीज दिसली, तर विटेनं किंवा रसायनानं मुद्दाम घासलंय का ते बघा.

याच्या उलट, रंग वनस्पतीजन्य निघाले म्हणून लगेच "दोनशे वर्षांचा" म्हणू नका. १९८१ मध्ये हाराल्ड ब्योमर या जर्मन रसायनतज्ज्ञानं इस्तंबूलच्या मरमरा विद्यापीठाबरोबर आयवाजिक भागात जुने रंग पुन्हा सुरू केले. आजही तिकडं मंजिष्ठेत रंगवलेल्या लोकरीचे गालिचे विणले जातात, आणि ते सुरेख असतात.

घरची कथा, आणि फोटो

काकू म्हणाल्या, "अगं, आमच्या आजेसासऱ्यांनी कुतच्या वेढ्यातून आणलाय हा." बेळगावात अशी कथा पटकन पटते, कारण मराठा रेजिमेंटचं केंद्र इथं आहे आणि पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. तिथल्या कुत गावाला तुर्की फौजेनं घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या पलटणी अडकल्या होत्या. पण तिथं सैनिकांनी पलटणीचे घोडे मारून खाल्ले, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. त्यातून कुणी गालिचा घेऊन घरी येईल हे मला पटत नाही. बगदाद मात्र मार्च १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या हाती आलं, आणि त्यानंतर तिथं फौजेत असलेल्या माणसानं बाजारातून चार फुटी गालिचा घेऊन वळकटीत बांधून आणणं अगदी शक्य आहे. "आजेसासऱ्यांची कागदपत्रं आहेत का?" मी विचारलं. पेटीत त्यांचं सैन्यातलं सेवापुस्तक निघालं, त्यात बगदादची नोंद १९१८ ची.

घरच्या कथेला असंच वागवा. ती फेकून देऊ नका आणि तशीच्या तशी उतरवूनही घेऊ नका. सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा, खाली कुणी सांगितलं आणि कधी ते लिहा, आणि मग प्रत्येक दाव्यापुढं कागद शोधा.

सगळ्यात भक्कम कागद बऱ्याचदा फोटो असतो. काकूंच्या घरच्या एका लग्नाच्या फोटोत खुर्च्यांखाली गालिचा अंथरलेला आहे. फोटोच्या मागं शके १८४८ असं लिहिलंय, म्हणजे १९२६-२७. गालिचा हाच कशावरून? कोपऱ्यावरून. विणणारीला डाव्या कोपऱ्यात काठ नीट वळवता आला नाही, एक फूल अर्ध्यावर कापलं गेलंय आणि शेजारच्या ट्यूलिपचं देठ आखूड पडलंय. फोटोतही तसंच आहे. नक्षी हजार गालिच्यांत सारखी असू शकते, पण असा अडलेला कोपरा एकाच गालिच्याचा. तेव्हा लाल रंगानं खालची सीमा दिली, १८८०. फोटोनं वरची, १९२६. आणि सेवापुस्तकामुळं १९१८ च्या आसपासची खरेदी संभवनीय ठरली. मी वहीत "१८८० ते १९१८, बहुधा" असं लिहिलं. इतकं सांगता आलं की मी समाधानी असते.

गालिच्यातच साल विणलेलं असेल तर ते बहुतेक वेळा हिजरी असतं, अरबी आकड्यांत. त्यातून तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. १३१२ असेल तर १३१२ वजा ३९, म्हणजे १२७३, अधिक ६२२, म्हणजे १८९५ च्या आसपास. प्रत्यक्षात ते वर्ष १८९४-९५ चं आहे. मग भिंग घेऊन त्या आकड्यांच्या गाठी पाठीवरून तपासा. अरबी दोन आणि तीन यांत एका दाताचा फरक असतो, आणि तो दात काढून शंभर वर्षं वाढवणारे व्यापारी होऊन गेलेत.

युरोपातल्या पंडितांनी हेच केलं

फोटोवरून वय बांधायची ही रीत माझी नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जुन्या गालिच्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा अभ्यासकांनी सालं लिहिलेली तैलचित्रं पुढं ओढली. बर्लिनच्या युलियुस लेसिंगनं १८७७ मध्ये चित्रांतल्या गालिच्यांची नक्षी छापली, आणि विल्हेल्म फॉन बोडेनं तीच वाट पुढं नेली. हान्स होल्बाइननं १५३३ मध्ये रंगवलेल्या दोन राजदूतांच्या चित्रात मागच्या मांडणीवर तुर्की गालिचा पसरलाय. लोरेन्झो लोट्टोच्या १५४२ च्या व्हेनिसमधल्या चित्रात तांबड्यावर पिवळ्या वेलजाळीचा गालिचा आहे. त्यावरून या नक्ष्यांना चक्क चित्रकारांची नावं पडली. म्हणून कुणी "होल्बाइन गालिचा" म्हटलं तर तो होल्बाइनचा नव्हे, पश्चिम आनातोलियातला, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातला समजा. लहान नक्षीचा हाच प्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या १४५१ च्या रिमिनीतल्या भित्तिचित्रातही आहे, होल्बाइनचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. चित्र फक्त एवढंच सांगतं की त्या सालापर्यंत ही नक्षी अस्तित्वात होती. तुमच्या लग्नाच्या फोटोलाही हीच मर्यादा आहे.

तेव्हा हे गालिचे पायाखाली घालायची वस्तू नव्हती, टेबलावर अंथरायचे. इंग्लंडच्या कार्डिनल वुल्सीनं १५२० मध्ये व्हेनिसकडून साठ गालिचे मिळवले, इतकी त्यांची ओढ होती. आजच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात जर्मन व्यापाऱ्यांनी ते चर्चना वाहिले. धर्मसुधारणेनंतर भिंतींवरची चित्रं गेली आणि त्या जागी तुर्की गालिचे आले. ब्रशोव्हच्या ब्लॅक चर्चमध्ये आजही शंभराहून जास्त आहेत. एखादी वस्तू एकाच छपराखाली शतकानुशतकं राहिली की तिचा इतिहास आपोआप टिकतो.

बोडेनं १८८६ मध्ये रोममध्ये ड्रॅगन आणि फिनिक्सच्या नक्षीचा, जुन्या गालिच्याचा प्रसिद्ध तुकडा घेतला. १८९१ मध्ये व्हिएन्नात गालिच्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. १९०५ मध्ये कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीत सेल्जुक राजवटीच्या काळातले, तेराव्या शतकातले मानले जाणारे गालिचे पुढं आले. ते आता इस्तंबूलच्या तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालयात आहेत. सेंट लुइसच्या जेम्स बॅलर्डनं तुर्की गालिचे मनापासून गोळा केले आणि १९२२ मध्ये मोठा हिस्सा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. बर्लिनचे बरेच मोठे गालिचे मात्र १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. त्यातल्या काहींचा आज फक्त छापलेला फोटो उरलाय, हे वाचलं तेव्हापासून मी माझ्याकडं आलेल्या प्रत्येक गालिच्याचे फोटो काढल्याशिवाय सुई लावत नाही.

मागणी वाढली तशा नकलाही वाढल्या. ब्रशोव्हचा तेओदोर तुदुक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या आनातोलियन गालिच्यांच्या नकला करायचा आणि मोठमोठ्या संग्रहालयांनी त्या अस्सल म्हणून घेतल्या. संग्रहालयांची ही गत, तर ऑनलाइन लिलावातल्या एका फोटोवर विसंबून पैसे भरणं किती धोक्याचं, ते बघा. पाठीचा जवळून काढलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

डोळा तयार करायला विजापूर आपल्याला जवळ आहे. गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आसार महालातले जुने गालिचे ठेवलेत. ते तुर्की नाहीत, पण खरोखर जुनी लोकर आणि जुने रंग कसे दिसतात ते काचेतूनही कळतं.

वहीत काय लिहायचं

लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, दोन्ही टोकांना वेगवेगळी, कारण हातमागावरचं काही चौकोनी नसतं. गाठ, ताणा, बाणा, बाण्याचे फेरे, इंचातल्या गाठी. प्रत्येक रंग, आणि ओल्या फडक्याचा निकाल. प्रत्येक ठिगळ आणि रफू कुठं आहे. पाठीला शिवलेली चिठ्ठी, शाईचा आकडा, जुन्या दुकानाचं लेबल, काहीही काढू नका. धुवायला देताना "हे घाणेरडं दिसतंय" म्हणून नेमकं तेच काढलं जातं. पूर्ण समोरून, पूर्ण पाठीवरून, चारी कोपरे आणि मोजपट्टी ठेवून काढलेला पाठीचा एक जवळचा, एवढे फोटो हवेत.

हे होईपर्यंत धुणं, रफू, विक्री यातलं काही करू नका. रंग सुटत असेल तर घरी धुवायचाच नाही, आणि साध्या ड्रायक्लीनवाल्याकडंही टाकायचा नाही. पालथा घालून स्वच्छ चादरीवर ठेवा, पाठीवरून तळहातानं थोपटा, धूळ खाली पडेल. नंतर नायलॉनची जाळी ठेवून कमी ओढीचा व्हॅक्यूम लवेच्या दिशेनं फिरवा. झटकायचं नाही, दोरीवर टाकून काठीनं झोडपायचं तर नाहीच. जुना ताणा तिथंच तुटतो.

आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस गालिच्याचा खरा शत्रू. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेला गालिचा आषाढात हमखास बुरसतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो काढून बघा, सावलीत वारा द्या. ठेवताना घडी नको. लव बाहेरच्या बाजूला ठेवून, लवेच्या दिशेनं, जाड नळीवर गुंडाळा. नळीला आधी धुतलेलं जुनं धोतर गुंडाळा आणि वरूनही तेच. प्लॅस्टिक नको, ओल आत कोंडते. डांबरगोळ्या लोकरीला टेकू देऊ नका. कसर लागलेली दिसली, म्हणजे पाठीजवळ वाळूसारखे कण आणि जाळीदार कोष, तर तो गालिचा घरातल्या बाकीच्या लोकरीपासून लगेच वेगळा करा. लहान तुकडा प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवला तर अळ्या आणि अंडी मरतात; बाहेर काढल्यावर पूर्ण चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं.

विकायचाच असेल तर एक कायदा माहीत हवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकानं मोठा आकडा सांगितला तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी मत घ्या. तुमच्या वहीतल्या नोंदी आणि फोटो तिथंही लागतात. काकूंनी विकायचा विचार सोडलाय, पण नोंदींची एक प्रत सेवापुस्तकाच्या पेटीत ठेवलीय आणि दुसरी पुण्यातल्या नातीकडं दिलीय.